वारा नव्हता

औषधाच्या दुकानातून परतले तर आमच्या दारात चपलांचा ढीग. कोणी काही सांगायच्या आधीच कळलं, हे गेले… महिना उलटून गेलाय, पण अजून दारात एखादी परकी चप्पल दिसली तरी मी उंबऱ्याबाहेरच थांबते.

यांचं काम लोकांना कधी नीट कळलं नाही. पृथ्वी सगळीकडे सारख्याच जोरानं ओढत नाही. खाली जड खडक असला की जरा जास्त, उंचावर गेलं की जरा कमी. हा फरक इतका बारीक, की तो मोजायला नाजूक स्प्रिंगचं यंत्र लागायचं. सरकारी जीपमधून हे ते यंत्र मांडीवर घेऊन मराठवाडाभर फिरले. आमची मुलं तेवढा वेळ त्यांच्या मांडीवर बसली नसतील, आणि हे मी त्यांना तोंडावर ऐकवायची. लग्नानंतर दौलताबादचा किल्ला चढताना मला धाप लागली, तर म्हणाले, "वर पोचलीस की तुझं वजन केसभर कमी भरंल." मी म्हटलं, "मग वरच बिऱ्हाड करू."

पोलीस ॲक्शनच्या धामधुमीत पिशोरला जन्मलेला हा माणूस तसा अबोल. पण यंत्र मांडलं की त्यांचा रुबाब बघावा! खालचे तीन स्क्रू हलकेच फिरवत काचेतला बुडबुडा मधोमध आणायचा, मग भिंगातून आकडा वाचायचा. तोवर भोवतीच्या कोणी पायसुद्धा हलवायचा नाही. सकाळी जिथून सुरुवात केली तिथंच संध्याकाळी येऊन पुन्हा मोजायचं, कारण दिवसभरात स्प्रिंगही थकते, असं ते म्हणायचे.

निवृत्ती जवळ आली आणि त्यांचा उजवा हात थरथरू लागला. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, यांनी ते कचेरीत सांगितलं नाही. आपल्या गावची मोजणी त्यांनी मुद्दाम शेवटी ठेवली होती. ती आपल्याच हातानं व्हावी, एवढीच त्यांची इच्छा होती. त्या दुपारी मीही पिशोरला होते. शाळेच्या ओट्यावर यंत्र मांडलं, गाव गोळा झालं. धाकटे दीर म्हणाले, "दादा, खाली पाणी हाय का, तेवढं सांग की."

"हे पाण्याचं नाय रे. खालचा दगड किती जड हाय, तेवढंच सांगतं."

बोट स्क्रूला लागलं की बुडबुडा पळायचा. पुन्हा लावायचे, पुन्हा पळायचा… सगळे श्वास रोखून उभे. शेवटी मान वर न करता हे म्हणाले, "वारा लई हाय."

लिंबाचं पानही हलत नव्हतं. दिरांनी झाडाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी म्हटलं, "व्हय, डोळ्यांत धूळ जातीय," आणि पदर डोळ्यांना लावला.

पिशोरची मोजणी नंतर दुसऱ्या कोणी केली. यांनी आकडा विचारला नाही.

पुढं थरथर वाढतच गेली. दुसऱ्यानं भरवलेलं त्यांना खपायचं नाही, आणि चहा सांडला की चेहरा पडायचा. म्हणून मी त्यांचा कप अर्धाच भरू लागले. त्यांना एकट्याला वेगळं वाटू नये म्हणून मग घरात सगळ्यांचेच कप अर्धे. पाहुणे मला चिक्कू समजले असतील, समजोत.

परवा दीर आले होते. मी चहा पुढं केला. कपात बघत ते हळूच म्हणाले, "वहिनी, आता भरून दिला तरी चालंल."

मी भरला, काठोकाठ. तेव्हा कुठं हे गेल्याचं मला खरं वाटलं.