गोदूच्या झाडावरची फुली

माझ्या सासूबाई गोदू. कचरा दिसला की बाईचे हात शिवशिवतात! आमच्या कोन गावात कुणाच्याही अंगणात झाडू घेऊन घुसतील, आणि वर बोलणी खाईल तो अंगणवालाच.

घरामागे त्यांनी पाइनची झाडं वाढवलीत. पलीकडच्या फार्महाऊसवाल्यानं फेकून दिलेली रोपं ती. पहिलं लावलं निकेशच्या, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या, जन्माला. खारघरच्या कॉलेजातल्या रेवा मॅडम या झाडांची पानं मोजायला आल्या, तेव्हा सासूबाईंचा तोरा काय सांगू! पानांचं क्षेत्रफळ दोन पद्धतींनी काढायचं होतं. एक, झाडाखालून वरचे फोटो. दुसरी, खाली ताणलेल्या जाळ्यांत वर्षभर गळलेल्या पानांचं वजन. दोन्ही आकडे जुळले नाहीत तर एक झाड तोडून त्याची सगळी पानं मोजायची. सासूबाई खुशाल हो म्हणाल्या.

मेअखेर वर्ष संपलं आणि आकडे जुळेनात! जाळ्यांचा आकडा फोटोंच्या निम्माही नाही. मॅडमनी तोडायच्या झाडावर चुन्याची फुली मारली. नेमकं निकेशचंच झाड!

"आदी मला तोडा, मंग त्याला!" सासूबाई खोडाला मिठी मारून बसल्या. मलाही रडू फुटलं.

"मी तरी काय करू, काकू?" मॅडम रडकुंडीला आल्या. "उन्हाळ्यात सगळ्यात जास्त पानं गळतात. आणि तेव्हाच जाळ्या रिकाम्या!"

माझी नजर सासूबाईंच्या झाडूवर गेली. "आई, जाळ्या झाडल्यात का तुम्ही?"

"मंग! कचरा तसाच ठेवू? लोक काय बोलतील?"

"अहो, मग टाकला कुठं?"

"टाकीन कशाला? भातशेती गेली, पेंढा नाय. आंब्यांची अढी कशात घालू?"

बाई गं! आम्ही तिघी माळ्यावर धावलो. आंबे बाजूला केले, तर खाली उन्हाळाभराची पानं! त्यांनी एक काडी फेकली नव्हती. मी मॅडमना मिठीच मारली. मॅडमनी पोती भरून नेली, वाळवली, तोलली. आणि फोन आला. जुळलं! जुळलं म्हणजे अगदी जवळ! झाड वाचलं!

सासूबाईंनी पदर ओला करून फुली घासघासून पुसली. तेवढ्यात शेजारच्या जाळीत चार पानं पडली. त्यांचा हात झाडूकडे गेला, तसाच थबकला.

"मनिषा," झाडू माझ्याकडे देत त्या म्हणाल्या, "हा कुलपात ठेव. मी मागितला तरी देऊ नको."