पुण्याला निघालेली कार्डं

किस्से जमवावे लागत नाहीत, ते अंगावर येऊन पडतात. एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी आम्हाला कॉम्प्युटरचा पेपर होता, आणि कॉम्प्युटर होता पुण्यात! सोलापुरात फक्त कार्डांवर भोकं पाडायचं यंत्र. प्रोग्रामच्या एका ओळीचं एक कार्ड; भोकं हीच त्याची अक्षरं, एक भोक जास्त पडलं तरी कार्ड बाद. गठ्ठा एस.टी.च्या पार्सलने जायचा, उत्तर आठवड्याने यायचं. प्रोग्राम चालल्याचा कागद परीक्षेआधी सरांना दिला नाही, तर वर्ष बुडालं. आणि रफिक, श्रीनिवास या दोन मित्रांचं एकच पालुपद, "अरे, चल की!"

*

कुंभारीला हुरड्याचं आमंत्रण आलं. मी ठणकावलं, "हे यंत्र उद्या देश बदलणार आहे आणि तुम्हाला हुरडा सुचतो?"

ते गेले. मी दिवसभर एस.टी. स्टँडवर पार्सलची वाट बघत बसलो. आलं एकदाचं. एवढा मोठा कागद, त्यावर एकच ओळ : पहिल्याच कार्डावर चूक!

रफिक म्हणाला, "देश बाद में बदल मियाँ, पहले कार्ड बदल!"

*

म्हणून गड्ड्याच्या जत्रेला मात्र गेलो. पाळणा गरगर फिरायला लागला आणि अगदी वर असताना माझ्या डोक्यात उजेड पडला. कालच पाठवलेल्या प्रोग्राममध्ये एकच गणित पुन्हापुन्हा करायला सांगितलं होतं, थांबायचं कधी ते सांगायचंच राहिलं होतं!

मी ओरडलो, "अरे देवा, हे थांबणारच नाही!"

सगळ्या पाळण्यांत किंकाळ्या. पाळणेवाला भडकला, "कोण म्हनतंय थांबनार न्हाय? बापापासून थांबवतोय की आमी!"

*

बार्शीला चुलतबहिणीचं लग्न. वराच्या मामांनी विचारलं, "काय शिकता?"

"कॉम्प्युटर."

"म्हंजे करंटचंच काम की!"

पुढच्या क्षणी लाऊडस्पीकरची तुटकी वायर माझ्या हातात. अक्षता पडेपर्यंत ती धरून मनातल्या मनात कार्डं तपासत होतो. फोटो आल्यावर आई म्हणाली, "नवरीसुद्धा हसतीय रे, तूच तेवढा रडतोयस!"

*

मग शेवटचा गठ्ठा. सर म्हणाले, "आज संध्याकाळच्या गाडीने गेला, तरच परीक्षेआधी कागद येईल."

नेमकं त्याच दिवशी श्रीनिवासच्या भाच्याचं बारसं. "जेवल्याबिगर सोडणार नाही!" म्हणत त्याने मला घरी ओढलं. पुढे घर, मागे चादरींचे माग. मी गठ्ठा त्याच्या वडिलांच्या हाती दिला.

"काका, एक कार्ड जरी मागेपुढे झालं तरी माझं वर्ष गेलं."

"काळजी सोड, बाळा. आमचा जन्म कार्डांतच गेला."

कसंबसं जेवून मागे पळालो. बाहेर रफिक सायकलची घंटी बडवत होता, "गाडी सुटती की रे!"

काका मागाजवळ बसले होते. चादरीच्या नक्षीची भोकं पाडलेली कार्डं एकापुढे एक दोऱ्याने ओवून त्यांची लांबलचक माळ मागावर चढवलेली होती. शेजारी तशीच दुसरी माळ. माझी! प्रत्येक कार्डाच्या कडांना नवी भोकं, त्यांत पक्का दोरा, सगळं अगदी क्रमाने.

काकांनी शेवटच्या गाठीचा दोरा दाताने तोडला.

"घे. आता फेकलास तरी मागेपुढे व्हायचं नाही. पण बाळा, लई वेळ बघतोय, ह्यात मोर कुठं येतोय?"