नकली रेशमाच्या लड्या

साडी नेसायला लागून मला फार दिवस झाले नव्हते. अक्कल अजून परकरातच होती. सासर हातमागाचं. वन्संचं लग्न ठरलं आणि मामंजींनी बाजारातून नकली रेशमाच्या लड्या आणल्या. लग्नातल्या साडीला त्याच चकचकीत सुताचा पदर हवा, नाहीतर मांडवात बसणार नाही, असं वन्संनी बजावलं होतं.

"लाकडाचं सूत हाय हे," मामंजी म्हणाले. "परदेशात लाकूड औषधात विरघळवत्यात अन् बारीक भोकांतनं दाबून काढत्यात."

"सोऱ्यातनं शेव पाडल्यागत?" मी दाराआडून विचारलं. शहाणी ना मी!

आमच्यात बाण्याचं, म्हणजे आडवं, सूत भिजवूनच कांडीवर गुंडाळायची रीत; ओलं सूत कापडात घट्ट बसतं. आत्याबाईंनी, म्हणजे सासूबाईंनी, लड्या भिजवल्या, पिळल्या, माझ्यापुढे टाकल्या. मी रहाट फिरवला. तुटलं. गाठ मारली. पुन्हा तुटलं. दुपारपर्यंत मान, पाठ, बोटं, सगळं कामातून गेलं, कांडी रिकामीच.

"हात हाय का खुरपं?" म्हणत आत्याबाई स्वतः बसल्या. त्यांच्याही हातात तुटलं. वन्सं रडायला लागल्या.

मामंजींनी एक दोरा ओढून पाहिला. "सडकं दिलं मेल्यानं. टाका उकिरड्यावर."

टाकायचं काम अर्थात माझं. पण उकिरडा गल्लीच्या टोकाला, अन् बाहेर फुफाटा. मी लड्या अंगणातल्या दोरीवर टाकल्या आणि भिंतीला टेकून डोळे मिटले. एवढी आळशी सून गल्लीत दुसरी नव्हती.

संध्याकाळी वन्संनी रागानं त्यातलाच एक दोरा ओढला. "वहिनी, तुटंना की!"

सगळे धावले. ओलं असताना दुबळं, वाळलं की पुन्हा धड! असलं सूत आम्ही कुणी पाहिलं नव्हतं.

"बरं झालं टाकलं न्हाईस," मामंजी म्हणाले.

"मला वाटलंच होतं," मी ठोकून दिलं. आत्याबाईंनी रहाट माझ्यापुढे सरकवला.

पदर कोरड्याच सुतानं विणला. कांड्या भरायला मी, अन् मामंजींचा घाम सुतावर पडू नये म्हणून वारा घालायलाही मीच.

लग्नादिवशी वन्संना साडी नेसवताना आत्याबाई त्यांना म्हणाल्या, "पाण्यापासनं जप हिला."

"मग सासरी सांगा की, मला पाणी भरायला लावू नका म्हणून!" वन्सं म्हणाल्या.

पदर मांडवात लई चमकला म्हणे. मी घटकाभर तांदळाच्या पोत्याला टेकले होते. जाग आली तेव्हा उष्ट्या पत्रावळी उचलायच्या होत्या, अन् वन्सं सासरी गेल्या होत्या.