परळच्या बाईंनी केलेली यादी

नवऱ्याची तीन वर्षांसाठी जर्मनीत बदली झाली, तेव्हा गिरगावातला आमचा निम्मा संसार जहाजानं पाठवायचं ठरलं. विमानात माणशी दोन बॅगा, त्यात भांडी कुठे मावणार? मी अकरा खोकी भरली, चिकटपट्टीनं बंद केली आणि टेम्पोत घालून परळच्या एका मालवाहतूक कंपनीच्या ऑफिसात नेली.

तिथलं काम पन्नाशीच्या एक बाई बघत, लालबागच्या. माझी यादी त्यांनी वाचली. एकच ओळ होती : घरगुती सामान.

“हे चालायचं नाही, ताई,” म्हणाल्या आणि सरळ कटरनं पहिलं खोकं उघडलं.

मला राग आला. दोन दिवस खपून भरलेलं सामान त्या माझ्यादेखत जमिनीवर मांडत होत्या. कुकरमध्ये तुपाचा डबा निघाला. “कंटेनर उन्हात तापतो. हे वितळलं की तुमच्याबरोबर दुसऱ्यांचंही सामान गेलं.” मग वडिलांचा जेवायला बसायचा पाट त्यांनी उजेडात धरला. “कीड लागलीय. तिकडे अडवतील.”

“मग राहू दे,” मी म्हटलं आणि पाट परत घ्यायला हात पुढे केला.

“राहू दे कशाला? जाईल तो. धुरी देऊन दाखला घेऊ. आठ दिवस द्या मला.”

आठ दिवसांनी मी कंपनीच्या वडाळ्याच्या गोदामात गेले. आमची खोकी जमिनीपासून वीतभर उंच फळ्यांवर होती. जड खाली, हलकी वर, प्रत्येकावर तीन बाजूंनी नंबर. बाई स्वतः स्टुलावर चढून एकेक खोकं हलवून बघत होत्या. आतून आवाज आला की खाली उतरवून पुन्हा भरायला लावत. हमालही “बाईंनी हलवलं का?” असं विचारूनच पट्टे आवळत. यादी आता इंग्रजीत, चार पानांची झाली होती. इडलीपात्र, अॅल्युमिनियमचं, वापरलेलं, एक. असं सगळं.

दोनेक महिन्यांनी सामान जर्मनीत पोचलं, तेव्हा तिकडच्या कस्टमच्या अधिकाऱ्यानं सात नंबरचं खोकं उघडायला लावलं. यादीवर पेन ठेवून तो एकेक वस्तू काढू लागला. लिहिलेल्या क्रमानंच त्या निघत गेल्या. सहाव्या वस्तूला त्यानं पेन खिशात ठेवलं आणि बाकीची खोकी न उघडताच शिक्का मारला.

घरी येऊन मी बाईंना फोन केला, सगळं सांगितलं. बोलता बोलता त्या तिथल्या टेम्पोवाल्यालाही काहीतरी सूचना देत होत्या.

“बरं झालं,” त्या म्हणाल्या. “आता ती मोकळी खोकी टाकू नका हं. परत येताना लागतील.”

आम्ही ती घडी घालून पलंगाखाली ठेवली.