अळणी पाणी

इनॉक आपटेकर आमच्या शेजारचे. सव्वीस वर्षं आमची भिंत एक. मूळचे आपट्याचे म्हणून आपटेकर, बेने इस्राएल, म्हणजे आपल्या कोकणातले ज्यू. पनवेलमध्ये त्यांची माणसं आता बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत, बाकीची इस्रायलला निघून गेली. यांनी जायचं नाव काढलं नाही. विमा कंपनीत आयुष्यभर नोकरी केली, आवाज कधी चढवला नाही, आणि खोटं बोलले ते फक्त समोरच्याला वाईट वाटू नये म्हणून. हा गुणच आहे असं मी, म्हणजे विनिता, बरीच वर्षं समजत होते.

त्यांची बायको शुलामिथ चार वर्षांपूर्वी गेली. दुखणं पाच महिन्यांचं. एकुलती एक मुलगी ओर्ली इस्रायलला, एलात नावाच्या बंदरात असते, काचेच्या तळाच्या बोटीतून पर्यटकांना समुद्रातलं प्रवाळ दाखवायची नोकरी करते. तिला आपटेकर फोनवर सांगत राहिले, "आई बरी आहे." पोरगी घाबरेल, नोकरी सोडून धावत येईल, म्हणून. खरं सांगितलं ते शेवटच्या दिवशी. त्यांच्यात माणूस गेला की थांबत नाहीत, दुसऱ्या दिवशी दफन झालं, आणि ओर्ली पोचली तिसऱ्या दिवशी. ती माझ्या गळ्यात पडून रडली, बापाशी बोलली नाही. नंतर दर रविवारी संध्याकाळी तिचा फोन यायचा. "जेवलात? औषध घेतलंत? ठेवते." घड्याळ लावून दोन मिनिटं. आपटेकरांना कमी ऐकू येतं, त्यामुळे फोन कायम स्पीकरवर. भिंतीपलीकडून ऐकून मला त्या मुलीचा राग यायचा. बापाचाही यायचा.

गेल्या वर्षी एकदा त्यांनी तिला विचारलं, "प्रवाळ घरात जगतं का गं?" सहज, काहीतरी बोलायचं म्हणून. त्या दिवशी फोन चाळीस मिनिटं चालला.

महिन्याभरात घरात साठ लिटरची टाकी आली. मी बघायला गेले तर आत मासा एकही नाही. नुसते दगड, पाणी आणि वरून निळा दिवा. "भाऊजी, पोवळं मंगळासाठी अंगठीत घालतात हो," मी म्हटलं. ते हसले. किती दिवसांनी हसले होते!

काय घ्यायचं ते सगळं ओर्लीने तिकडून ठरवलं होतं. दगडासारखं कडक प्रवाळ मागायचंच नाही, ते नवशिक्याला जमत नाही आणि आपल्याकडे कायद्याने ठेवताही येत नाही. मऊ जातीचं घ्यायचं. आधी मश्रूम, अळंबीच्या आकाराचं, कारण ते कमी उजेडातही भागवतं आणि कुरकुर करत नाही. ते रुळलं की झोआ, म्हणजे एका दगडावर दाटीवाटीने शर्टाच्या बटणाएवढी फुलं. शेवटी लेदर, चामड्यासारखं, हाताच्या पंजाएवढं. "चिवट असतात पप्पा, तुमच्यासारखी," ती म्हणाली. हे त्यांनी मला तीनदा सांगितलं. मग एका रविवारी ती म्हणाली, "लेदर रुळलं की ऑक्टोबरात येते. टाकी बघायला." टाकी बघायला का कोणी सातासमुद्रापलीकडून येतं? पण त्या दोघांना एकमेकांशी तेवढंच बोलता येत होतं. मुलगी घरी येणार की नाही, हे त्या साठ लिटर पाण्यावर येऊन ठेपलं.

टाकीतलं पाणी रोज थोडं आटायचं. काचेवर खूण होती, तिथपर्यंत निळ्या कॅनमधलं पाणी घालायचं. सहा दिवस ते घालायचे. शनिवारी त्यांचा शब्बाथ, कुठलंही काम न करायचा दिवस. शुलामिथ होती तेव्हा हे शनिवारीसुद्धा ऑफिसात बसायचे. ती गेल्यावर पाळायला लागले, ते इतकं की त्या दिवशी पंख्याचं बटणही दाबत नसत. म्हणून शनिवारचं पाणी माझ्याकडे आलं. "खुणेपर्यंत घाला वहिनी, बाकी काही करायचं नाही."

पहिल्याच शनिवारी मी कॅनमधल्या पाण्यात बोट बुडवून जिभेला लावलं. अळणी! समुद्राची टाकी आणि पाणी अळणी. बाई नसलेलं घर, विसरला असेल माणूस मीठ घालायला. टाकीसाठी आणलेल्या खास मिठाची बादली शेजारीच होती. मी एक मूठ घेतली, तांब्यातल्या पाण्यात ढवळली आणि ओतली. त्यांना बोलले नाही, उगाच कशाला लाजवायचं? पुढच्या शनिवारी पुन्हा अळणी, पुन्हा एक मूठ. चाळीस वर्षं स्वयंपाक केलाय, माझ्या हातचं मीठ कधी कमी-जास्त झालं नाही. याचा मला गर्व होता, उघड सांगते.

मश्रूम तीन महिने छान होतं. मग आक्रसलं आणि एका सकाळी दगडावरून सुटून त्याचा लगदा झाला. झोआ आणले, ते तिसऱ्या आठवड्यात मिटले ते मिटलेच. मग उलव्याला शोभेच्या माशांचं दुकान असलेल्या कल्पेशने त्याच्याकडचं सगळ्यांत चिवट लेदर दिलं. ते चार दिवस टिकलं. आपटेकरांनी दिवा बदलला, पंप बदलला, पुस्तकं मागवली. मीठ मोजायचा काटा रोज बघायचे, तो बरोबर हिरव्या पट्टीत. आणि रविवारी ओर्लीला जुने फोटो पाठवायचे. "सगळं बरं आहे. झोआ फुललेत."

"सांगून टाका ना तिला," मी एकदा म्हटलं.

"सांगितलं तर ऑक्टोबरात कशाला येईल ती?"



सप्टेंबरच्या एका रविवारी मला उलव्याला बहिणीकडे जायचंच होतं, म्हणून टाकीतलं पाणी बाटलीत भरून कल्पेशकडे नेलं. सगळीकडे बिल्डिंगी उठतायत, त्याच्या दुकानातल्या काचांवर सिमेंट बसलेलं. तिथल्याच गावातला माणूस, बोलतो तिथलंच. त्याने बाटलीतले दोन थेंब दुर्बिणीसारख्या छोट्या यंत्रावर टाकून डोळ्याला लावले.

"काकी, हे पानी हाय का लोनच्याचा खार?"

"म्हणजे?"

"मीठ लय झालंय. काका वरून खारं पानी घालतात काय?"

"ते नाही, मी घालते. शनिवारी. कॅनमधलं पाणी अळणी असतं ना."

त्याने यंत्र खाली ठेवलं. "ते अळनीच पायजे, काकी. पानी उडून जातं, मीठ उडत नाय. ते टाकीतच ऱ्हातं. तुमी त्यात आनखी घातलात."

"पण भाऊजींचा काटा हिरव्या पट्टीत असतो. कायम."

"कायम म्हंजे अडकलाय."

मी दुकानातल्या स्टुलावर बसले. जी सहसा मरत नाहीत म्हणून निवडून आणली होती, ती दर शनिवारी मूठमूठ मीठ घालून मी मारली होती. आणि वर उपकार केल्यासारखी मिरवत होते. स्वतःची इतकी शरम मला कधी वाटली नव्हती. परतीच्या बसमध्ये ठरवलं, आजच सांगायचं. त्यांनाही आणि ओर्लीलाही.

संध्याकाळी गेले तर दार उघडंच होतं. आपटेकर टाकीसमोर उभे, हातात फोन, स्क्रीनवर ओर्ली.

"फोटो नको, पप्पा. गेल्या तीन फोटोंत तोच बुडबुडा त्याच जागी आहे. टाकी दाखवा."

त्यांनी फोन टाकीकडे वळवला. निळा उजेड, आत दगड. ती बोलली तेव्हा आवाजात राग नव्हता, असता तर बरं झालं असतं.

"आईपण अशीच बरी होती, नाही का?"

"ओर्ली, ऐक ना बाळा..."

"तिकीट काढलं नव्हतं अजून. बरं झालं." फोन बंद झाला.

मी दारातच. प्रवाळ माझ्या हातून मेलं, पण तिला लागलं होतं ते त्याचं मरण नव्हे. माझ्या कबुलीने ती येणार नव्हती. तरी ती चूक माझी होती, आणि तो माणूस ती स्वतःच्या डोक्यावर घेऊन उभा होता.

"भाऊजी," मी सुरुवात केली, "ते पाणी..."

"पाण्याचं राहू द्या आता, वहिनी." त्यांनी खाली वाकून दिव्याचा प्लग काढला. "तुम्ही खूप केलंत. एक शनिवार चुकवला नाहीत. तुम्ही होतात म्हणून इतके दिवस तरी टिकलं, नाहीतर माझ्या हातून पहिल्या महिन्यातच मेलं असतं."

ते माझ्याकडे बघत होते. या घरात आता माझ्याशिवाय दुसरं कोणी येणार नाही, हे त्यांना कळलं होतं आणि मलाही. मी तोंड उघडलं.

"चहा टाकू?" मी विचारलं.