माझं कपाळ राहिलं

अशी जवळ ये गं नीता, आणि तो फोन ठेव खाली. मँचेस्टर काय लांब आहे? वर्षवर्ष तोंड दाखवत नाहीस, आणि आल्याआल्या विचारतेस, "मावशी, मंडळावर रुसलीस म्हणे?"

रुसले नाही. ऐक.

गेल्या जानेवारीत आपल्या महाराष्ट्र मंडळानं इथे बर्मिंगहॅमला एकाच हॉलमध्ये दोन कार्यक्रम उरकले. आधी ज्यूंच्या संहाराच्या स्मृतिदिनाचं भाषण, मग हळदीकुंकू. भाषणाला आमच्या रस्त्यावरची ओडेट. मूळची रवांडाची, तिथल्या तुत्सींच्या कत्तलीतून वाचलेली. इथल्या शाळांतून मुलांना अशा संहारांबद्दलच शिकवते.

ती म्हणाली, "मुलं मला राक्षसांबद्दल विचारतात. मी शेजाऱ्यांबद्दल सांगते. ज्यूंनाही आधी वेगळंच बसवलं होतं. आमच्या वर्गात मास्तर म्हणायचे, तुत्सी जमातीचे असतील त्यांनी उभं राहा. मी उभी राहायचे. बाकीचे बसून बघायचे. पुढे माझ्या नवऱ्याला शेजाऱ्यांनीच मारलं. मारणं शेवटी येतं. शांतता शिकवायची तर त्या बसलेल्या मुलांना शिकवा."

बायकांनी डोळे पुसले. टाळ्या वाजवल्या.

मग ताट निघालं. डॉक्टरांच्या मिसेस, आमच्या सगळ्यांच्या वहिनी, एकेकीला कुंकू लावत आल्या. ओडेटला लावलं, फोटो काढला. शेजारी मी. मला तिळगूळ तेवढा दिला आणि ताट पुढे. तुझे काका गेल्यापासून असंच. मीच आपणहून मागच्या खुर्चीत बसायची.

ओडेटनं विचारलं, "तुला का नाही?"

"माझा नवरा नाही."

"माझाही नाही. आत्ताच तर सांगितलं."

रडू नाही आलं गं. राग आला. मी उभी राहिले.

"वहिनी, माझं कपाळ राहिलं."

"अहो काकू, तुम्हाला माहितीये ना. त्यांचं वेगळं, त्या पाहुण्या. उगाच सीन नको."

"माहितीये. म्हणूनच उभी आहे."

वहिनी ताट घेऊन पुढे गेल्या. आत्ताच डोळे पुसलेल्या, सगळ्या बसून बघत होत्या.

तिच्या दुःखापुढे माझं काही नाही, ते कळतं मला. तिचं अख्खं घर गेलं. माझी एक टिकली. पण ते बसून बघणं तेच होतं.

तेव्हापासून कुणाचे फोन येत नाहीत. रविवार खायला उठतो, खोटं कशाला सांगू. पण मागच्या खुर्चीत आता मी बसणार नाही.

यंदाचं हळदीकुंकू माझ्या घरी. ताट माझ्या हातात. जिला विधवेच्या हातचं कुंकू चालत नाही, तिनं दारातूनच परत जावं. ओडेट येतेय. तूही त्या दिवशी ये परत. आणि आलीस की नुसती बसून राहू नकोस.