दोरीची शेवटची गाठ

खालापूरला तहसील कचेरीबाहेर एसटीची वाट बघत उभी होते, तेव्हा यांचा फोन आला. "ताई गेली गं..." एवढंच म्हणाले. सकाळीच तर वन्सं आमच्या ओट्यावर चहा पिऊन अंगणवाडीकडे गेल्या होत्या. तिथेच छातीत कळ आली आणि कर्जतच्या दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

सुमनवन्सं माझ्या थोरल्या नणंद, पळसदरीजवळच्या आमच्या वाडीच्या अंगणवाडीताई. सकाळी घराघरांतून पोरं गोळा करायची त्यांची स्वतःची तऱ्हा होती. एक लांब सुती दोरी, तिला हातभर अंतरावर गाठी, एकेका पोराने एकेक गाठ धरायची. पुढे पोरांतलंच कुणीतरी आणि वन्सं सगळ्यांच्या मागे, शेवटच्या गाठीला. निघताना पुढच्याने ओरडून विचारायचं, "मागं कोण हाय?" वन्सं म्हणायच्या, "मी हाय!" ते ऐकल्याशिवाय ओळीने पाऊल टाकायचं नाही. हे चिडवायचे, "ताई, एवढ्या मोठ्या पोरांना चालायला शिकवतेस होय गं?" त्या म्हणायच्या, "हां रं. बाई पुढं चालली की पोरं बाईच्या टाचा बघत्यात. मागं असली की रस्ता बघत्यात."

माझी रेवती अंगणवाडीत होती तेव्हा घराबाहेर तोंडच उघडायची नाही. कुणी हाक मारली की माझ्या पदराआड. हिचं शाळेत कसं व्हायचं, या काळजीने मला घास गोड लागत नसे. एके दिवशी मी तिला ओळीपर्यंत सोडायला गेले, तर वन्संनी तिलाच पुढे उभं केलं. पोरगी गप्प. ओळ देवळापाशी उन्हात खोळंबली, पोरं चुळबुळायला लागली. मी तिच्या वतीने विचारणार, तेवढ्यात वन्सं डाफरल्या, "नलू, तू गप ऱ्हा. खिचडी थंड झाली तर होऊ दे. तिचं तिला बोलू दे." किती वेळ गेला कुणास ठाऊक... मग एक चिरका, रडवेला आवाज आला, "मागं कोण हाय?" वन्सं अशा ओरडल्या की देवळावरची कबुतरं उडाली. रेवती आता रसायनीच्या कारखान्यात मीटिंगा घेते. लोक तिच्या कॉलेजचं कौतुक करतात, मला देवळापुढची ती सकाळ आठवते.

वन्संना जाऊन दीड महिना झाला. नव्या ताई अजून आलेल्या नाहीत. परवा मदतनीस म्हणाली, "काकी, खिचडी सोडून मी कशी जाऊ? पोरांना तेवढं आणता का?" मी खिळ्यावरची दोरी काढली. पोरांनी आपापल्या गाठी धरल्या आणि मी पुढे चालू लागले, तर ओळ जागची हलेना. पहिल्या गाठीला शेजारची ओवी होती. ती माझ्याकडे बघतही नव्हती. मान मागे वळवून तिने विचारलं, "मागं कोण हाय?"

शेवटची गाठ मातीत पडली होती. ओवीने पुन्हा विचारलं. मी मागे गेले, गाठ उचलली. वन्संच्या मुठीत राहून राहून ती गुळगुळीत झाली होती. बोलायचं होतं, पण हुंदका आवरेना, शब्द फुटेना... आणि पोरं उन्हात तशीच थांबून राहिली. एकानेही मला घाई केली नाही.